मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे

कॉटनवुड बेंड, नेब्रास्का. लोकसंख्या अकराशे बारा.
सभेला हजर नऊ:
महापौर ऑर्विल स्टेनरुड, चार सदस्य,
कोपऱ्यात लिहून घेणारी मी,
एक तक्रारदार, एक तक्रार ज्याच्यावर आहे तो,
आणि एक जण फक्त ऊब घ्यायला आलेला.
हीटर खोकतो. कॉफी दुपारची आहे.

विषय पहिला, एल्म रस्त्यावरचे खड्डे.
खड्डे मागच्या वर्षीचेच आहेत,
हे सर्वानुमते मान्य.
विषय दुसरा, पाणीपट्टीची थकबाकी.
नावं वाचायची नाहीत असं ठरलं.
नावं सगळ्यांना पाठ आहेत.

विषय तिसरा, लेलंड कोसेकची शेड.
निवासी विभागात भंगार साठवणे, नियम सतरा, पोटकलम ब.
शेजारीण विनिफ्रेड ऑक्सनरनं
फोटो आणले होते, तारीखवार, चिकटवहीत:
गंजके व्हॉल्व्ह, बिडाचे पाइप,
तारेनं आवळलेल्या लाकडी नळाचा एक तुकडा.
लेलंड म्हणाला, "ते भंगार नाही."
मग काय आहे, ते त्याला सांगता येईना.
एकतीस वर्षं गावाचं पाणी सांभाळलेला माणूस
टोपी हातात फिरवत राहिला,
आटे गेलेला नळ फिरवावा तशी.

तीस दिवसांत शेड रिकामी करावी.
सूचक, डॅग्नी प्रुइट.
अनुमोदन यायला बराच वेळ लागला,
तेवढा वेळ इतिवृत्तात येत नाही.
दोन विरुद्ध दोन. महापौरांचं निर्णायक मत,
टेबलाकडे बघत दिलेलं.

अकराव्या दिवशी, उणे चोवीस,
पहाटे चारला मुख्य वाहिनी फुटली.
एल्म रस्ता आधी वाहिला, मग जागच्या जागी काच झाला,
खड्ड्यांसकट.
नवा अधीक्षक ब्रेडन, मिसरूड फुटलेलं पोर,
विजेरीखाली नकाशा धरून उभा.
त्या नकाशात अजून लोण्याचा कारखाना आहे,
आणि नदी दुसरीकडून जाते.

कुणीतरी लेलंडला उठवलं.
पायजम्यावर कोट, हातात शेडमधली
पुरुषभर उंचीची लोखंडी चावी.
चर्चच्या कोपऱ्यापासून बावीस पावलं मोजली,
डावीकडे वळला, आणि थांबला.
थांबूनच राहिला.
आम्हाला वाटलं, गेलं आता.
मग तो विनिफ्रेडच्या अंगणात शिरला,
तिच्या नव्या काँक्रीटवर टाच आपटून म्हणाला,
"हिच्या खाली."

ती दारातून बघत होती.
एक शब्द न बोलता आत गेली
आणि नवऱ्याची पहार घेऊन आली.
नवरा जाऊन सहा वर्षं झाली.
पहारेला गंज नव्हता.

फेब्रुवारीच्या सभेला चाळीस माणसं.
खुर्च्या चर्चमधून आणल्या.
विनिफ्रेडनं तक्रार मागे घेतली नाही,
नियम तो नियम, म्हणाली,
पण चिकटवही घरी ठेवून आली होती.
शेडला साठ दिवसांची मुदतवाढ.
लेलंडला सांगितलं, सगळे व्हॉल्व्ह कागदावर काढून दे.
त्यानं कॅलेंडरच्या मागे अकरा काढले.
बाकीचे, म्हणाला, तिथे उभं राहिल्याशिवाय आठवत नाहीत.
आता दर गुरुवारी तो पुढे आणि ब्रेडन मागे,
दोघं बर्फातून पावलं मोजत जातात.
म्हाताऱ्याचं पाऊल आखूड झालंय,
त्यामुळे हिशेब चुकतो,
दोघं परत कोपऱ्यावर येतात.

मी लिहिलं: वाहिनी पूर्ववत.
श्रीमती ऑक्सनर यांना काँक्रीटची भरपाई, तीनशे ऐंशी डॉलर.
श्री. कोसेक यांचे मानधन, निरंक.
श्री. कोसेक यांच्याकडून येणे,
दोन महिन्यांची पाणीपट्टी.

महापौर विचारतात, इतिवृत्त कायम करायचं?
कुणाची हरकत?
हीटर खोकतो.
कायम.