चारातला एक

वार्डातली लाइट गेली. सिस्टर बाळंतिणीकडे अडकलेली.
बिरजू म्हणाला, "गोस्ट सांग, पन राजाची नोको."
सकाळपासून त्याच्या गुडघ्यात कोणीतरी
विळा पाजवत बसलं होतं.
मोबाइलच्या उजेडात सलाइनचे थेंब मोजत
मी म्हटलं, समज, एक ताप आला.

"कोठून?"
कठाणीच्या पलीकडून. पाण्यातून, नाहीतर वाऱ्यातून.
गोष्टीत कुठूनही येतो.
आधी गेला मोठ्या शहरांत. तिथलं रक्त
गोल, भरीव, पिकल्या जांभळासारखं.
ताप त्यात शिरायचा, पाय पसरायचा,
तिथंच पिल्लं घालायचा.
आठ दिवसांत रस्ते ओस.

"अन् इकडं?"
इकडं दारंच वाकडी निघाली.
ज्यांचं कार्ड अर्धं पांढरं, अर्धं पिवळं,
तुझ्या मायचं आहे तसं,
त्यांच्या पेशीत ताप शिरला की पेशीच मोडायची,
घर बसावं तशी, आतल्या चोरासकट.

येरमेटोल्यात माणसं उरली.
सायत्रा पेंदाम उरली, जिची सोयरीक
कार्ड बघून तीनदा मोडली होती.
तिच्या बांधावर आता हेलिकॉप्टर.
मोठे साहेब मोहाखाली चपला काढून उभे,
बाटलीभर रक्त मागतात.
ती म्हणते, थांबा. आधी रोवणा होऊ द्या.

बिरजू हसला. हसताना बरगडीत कळ आली.

तिथंच थांबायला हवं होतं मी.
पण सोळा वर्षं काचपट्ट्या बघितलेल्या बाईला
गोष्ट अर्ध्यात सोडता येत नाही.

उरलेल्यांनी उरलेल्यांशी लग्नं केली,
दुसरं होतंच कोण.
पाळणे हलले. सरासरी चार पोरांत
दोन मायबापासारखी, तापाला न भिणारी.
एक अगदी गोल रक्ताचं, जुन्या शहरासारखं,
त्याला मच्छरदाणीबाहेर काढायचं नाही.
आणि एक...

"एक माह्यासारखं," तो म्हणाला.
"थंडीनं दुखनारं. बोडीत पोहलं का दुखनारं.
वाचते का थे, गोस्टीत?"

एक थेंब पडला, तो मी मोजला नाही.
ज्या वाकण्यानं गाव तरलं
तेच दोन्हीकडून आलं की पोराच्या जिवावर उठतं,
हे मी किती कार्डांवर, किती वर्षं
नुसत्या दोन इंग्रजी अक्षरांत लिहिलंय.
म्हटलं, मला ठाऊक नाही रे.

तो बराच वेळ गप्प.
बाहेर बेडकांचा एकच कालवा.
मग आढ्याकडं बघत,
हिशेब जमल्यासारखा,
"मंग मी लागतोच ना, मावशी.
मले काढून टाकलं
तं चार कसे भरतीन?"

लाइट आली. पंखा खडखडून फिरू लागला.
बाटलीत बोटभर उरलं होतं.
मी दुसरी लावली,
आणि त्याची मच्छरदाणी
चारी बाजूंनी गादीखाली खोचली.