पाठराखीण

लव्हडेनं पंधरा पौंड मागितले, मी बारा दिले,
वर तिच्या शेडमधली अडगळ वाहून नेली.
अडगळीच्या तळाशी होती ही:
करडी, घडीवर घडी बसलेली,
पोटात कुठल्यातरी जुन्या ऑगस्टची वाळू.
"हवा धरते का?"
"धरायची," लव्हडे म्हणाली.

पेनरिनच्या माझ्या परसात, कपड्यांच्या दोरीखाली,
अंथरून तिला पायपंप लावला.
आधी उजवी कूस उठली, मग नाक.
डावी तशीच पडून,
भिंतीकडे तोंड करून रुसलेल्या माणसासारखी.

ब्रशनं साबणाचं पाणी फासलं. फेस कुठे फुगतो बघत बसले.
जयसिंगपूरला एसटी स्टँडासमोर
वडिलांचं पंक्चरचं दुकान होतं.
घमेल्यात ट्यूब बुडवून ते बुडबुड्याची वाट बघत,
मग गिऱ्हाइकाला सांगत, "दोन आहेत."
नेहमी दोनच असायची.
एक खिळ्याचं, एक त्यांचं, असं गावात बोलत.
मी कधी विचारलं नाही.

इथे अकरा निघाली. खडूनं गोल केले.
जुनी ठिगळंही होती, चौकोनी, कोपरे उचललेली.
वडील ठिगळाचे कोपरे गोल कापत.
कोपरा ठेवला की सुटायला जागा मिळते.
हे त्यांनी सांगितलेलं नाही, मी बघायचे.

गोंद दोन डब्यांतला. पहिला हात, वाळू द्यायचा. दुसरा हात,
बोटाची पाठ चिकटेल पण गोंद बोटाला येणार नाही, इतपत.
आणि हवा कोरडी हवी.
कॉर्नवॉलमध्ये!
पाच दिवस मिझल. पाऊस म्हणावा तर पडत नाही,
धुकं म्हणावं तर हाडं भिजवतं.
"कधी उघडेल?"
"ड्रेक्ली," लव्हडे म्हणाली.
म्हणजे लगेच. म्हणजे पुढच्या महिन्यातही.
आमच्याकडचं "आलेच हं".

मला धीर नव्हता.
हेअर ड्रायर फिरवून पहिलं ठिगळ बसवलं,
रात्री दीडला ते सोलून निघालं, मला खिडकीतून ऐकू आलं.

सहाव्या दिवशी ऊन.
रोलर नव्हता, लाटणं घेतलं,
मधून कडेकडे, पोळीसारखं,
खालची हवा हाकलत.
त्या लाटण्याला आता थिनरचा वास येतो.
पोळ्या मी विकतच्या आणते.

बाजू घासताना अक्षरं वर आली,
पांढरी, उडालेली: टी टी मॉर्वोरेन.
टी टी म्हणजे, मॉर्वोरेन नावाच्या बोटीची होडी.
हिला स्वतःचं नाव नाही,
असल्या होड्यांना नसतं, लव्हडे म्हणाली.
मॉर्वोरेन कुठाय?
कुणी म्हणतं ब्रेस्टला विकली,
कुणी म्हणतं हेलफर्डच्या झाडीत कुजतेय.
नवरीचा पत्ता नाही,
पाठराखीण अठरा वर्षं शेडमध्ये.

मीही या देशात आले तेव्हा
पासपोर्टात एक शब्द चिकटवलेला होता: डिपेंडंट.
ज्याच्या नावावर आले
तो आता लीड्सला असतो, बहुतेक.

थिनरचा बोळा हातातच होता.
टी टी पुसायला दोन हात पुरले.
लव्हडे कुंपणावरून बघत होती.
"मग हिलाच मॉर्वोरेन म्हणायचं?"
"म्हणायचं."

रविवारी ओढ्यात सोडली.
वल्ही मारत पहिल्या वळणापर्यंत गेले,
बदकं बाजूला झाली, एवढाच समारंभ.
भरतीचा तक्ता मी चुकीच्या रकान्यात वाचला होता.
पाणी खालून निघून गेलं
आणि आम्ही दोघी चिखलात बसलो,
चारी बाजूंनी चकचकीत, घोटाभर, पाय टाकायची सोय नाही.
डावी कूस जरा मऊ लागली.
बारावं भोक? की अकरातलंच एक?
साबण घरी राहिला होता.
पंप मात्र आणला होता. तीन दाबे दिले,
थर्मासमधला चहा काढला,
आणि धक्क्यावर उभ्या लव्हडेला हातानं विचारलं, पाणी कधी?

तिचं उत्तर वाऱ्यानं नेलं, पण ओठ वाचता आले.