शुद्धिपत्र

पांढऱ्या ताटलीत उकडलेले बटाटे, त्यावर आंबट साय.
आई बराच वेळ बघते आणि विचारते,
वाढणार आहेस की नाही?

मी बाजारातून लाल ताटली आणली.
त्या दिवशी ती सगळं जेवली.
इतकं सोपं होतं ते,
आणि मी सहा महिने तिला हट्टी म्हणत होते.

दाराशी काळं पायपुसणं होतं.
ती त्याच्या कडेला थांबायची,
विहिरीच्या काठावर थांबावं तशी,
भिंत धरून, एक पाय उचलून.
मला वाटे, बाहेर जायचं नाही म्हणून नाटक.
पायपुसणं आता माळ्यावर आहे.
विहीर मी गुंडाळून ठेवली.

जानेवारीत तार्तूला साडेतीनलाच अंधारतं.
खिडकीच्या काचेत एक म्हातारी येऊन बसते.
आई तिला आत ये म्हणते, बाहेर उणे अठरा आहे.
म्हणते, बिचारीचा स्वेटर अगदी माझ्यासारखा.
मी पडदा ओढते,
तर माझ्यावरच रागावते:
आलेल्या माणसाच्या तोंडावर!

डॉक्टर पिहेल म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत.
मोतीबिंदू काढलेला, आतला पडदा स्वच्छ.
दिसतं सगळं, फक्त पोचत नाही,
टपालखात्याबद्दल बोलावं तसं म्हणाले.

अडतीस वर्षं तिने छापखान्यात मुद्रितं वाचली,
डोळ्यांत तेल घालून.
दूधसंघांचे अहवाल, शेवाळांची सूची, कवींचे पातळ संग्रह,
एकदा अख्खा मासेमारीचा कोश.
एखादी चूक हातून सुटली की रात्री उठून बसायची.
मला लहानपणी वाटायचं, घरात कुणी आजारी आहे.

आता ओळीच्या टोकाला पोचली
की परतीची वाट सापडत नाही.
पुन्हा त्याच ओळीवर येते, किंवा तीन ओळी खाली उतरते,
आणि वाचत राहते, न अडखळता,
म्हणून कुणाला कळतही नाही.
मी पुठ्ठ्याला खिडकी कापून दिली, एका ओळीएवढी.
त्यातून ती माझ्याकडे बघून हसली.

न्हाणीच्या दारावर मी मोठ्या अक्षरांत न्हाणी लिहिलं.
ती ते मोठ्यांदा वाचते, स्वच्छ,
आणि दारासमोर उभी राहते,
जणू ते कुणाचं तरी आडनाव आहे.

आधी ओळ सुटते, मग ओळख,
असं मी कुणाला तरी फोनवर म्हणाले,
आणि छान वाक्य सुचल्याची लाज वाटली.

मंगळवारी पेपरात मामा होता.
काळी चौकट, नाव, दोन तारखा, मेणबत्तीचं चित्र.
मी सांगणार नव्हते.
घडी घालून ठेवलेला पेपर तिनेच उघडला,
पुठ्ठ्याची खिडकी त्या चौकटीवर ठेवली.
खूप वेळ.
मग पेन्सिल मागितली.

तोनिस.
पेपरवाल्यांनी त्याच्या ओ-वर दोन ठिपके दिले होते.
तिने ते खोडले, समासात एक लाट काढली,
हात थरथरत होता, पण लाटच, नेमकी,
आणि म्हणाली, त्या पोरांना सांग,
ठिपके दिले की ओठांचा चंबू होतो.
हे नाव मागून येतं, घशातून.
ऐक.
आणि तिने म्हणून दाखवलं, दोनदा,
अंगणापलीकडच्या कुणाला जेवायला हाक मारावी तसं.

कोण गं हा? मी विचारलं.

मला काय माहीत, ती म्हणाली.
पण नाव चुकलं तर घरच्यांना वाईट वाटतं.

पेन्सिल कानामागे खोचली
आणि खिडकी सरकवून
पुढच्या चौकटीवर ठेवली.