नेमप्लेट

सेकंड शिफ्टची बस मला पवननगरला सोडते
तेव्हा साडेबारा झालेले असतात,
आणि ओजसच्या खोलीत ड्रॅगन मरायला टेकलेला असतो.
तेवढ्यात टक्.
पडदा काळा. पंखे गप्प.
मग वडाळ्याहून फैजानचा फोन: "परत गेला का रे?"

महिनाभर हेच.
ड्रायव्हर काढला, जुना घातला, नवा घातला,
विंडोज तीनदा टाकलं,
रॅमच्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या,
डब्याचं झाकण काढून टेबलफॅन लावला.
जाऊबाई म्हणाल्या, दिवेलागणीला लावू नको म्हणावं.
ह्यांचं एकच, विकून टाक.
कॅनडा कॉर्नरच्या खिंवसरांनी दोन दिवस ठेवून घेतला,
"आमच्याकडे मस्त चालला, मावशी.
तुमच्याकडची लाईटच खराब."

लाईट खराब.
अकरा वर्षं अंबडला पॅनेलं वायर करतेय मी.
हे वाक्य किती गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं
आणि किती वेळा निघाला नुसता ढिला लग.

आज चप्पल न काढताच दारात उभी राहिले,
त्या टक्-ची वाट बघत.
आला.
हा आवाज ओळखीचा आहे माझ्या. ट्रिप.
जळायच्या आत कुणीतरी हात काढून घेतला.

"सरक. झाकण काढ."
"आई, तुला ह्यातलं..."
"झाकण काढ."

आत मंडपासारखे निळे-जांभळे दिवे,
आणि ते कार्ड, विटेएवढं, एका बाजूनं झुकलेलं,
डोक्यावर दोन प्लग,
दोन्ही प्लग एकाच केबलच्या शेपटीला.
बोट लावलं. तव्याची कड.
एका वायरवर मी दोन मोटरी टाकल्या असत्या
तर पगारे सुपरवायझरनं पॅनेल परत धाडलं असतं
लाल पेनानं गोल करून.

मग टॉर्च लावून सप्लायचा डबा पाहिला.
वर मोठ्या सोनेरी आकड्यांत साडेसहाशे.
खाली कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, खरी नेमप्लेट:
बारा व्होल्ट, तीस अँपिअर.
लाईटबिलाच्या पाठीवर मांडलं.
बारा त्रिक छत्तीस, वर शून्य.
तीनशे साठ.
बाकीचे सगळे वॉट सोनेरी रंगाचे.

कार्ड खातं दोनशे वीस, प्रोसेसर शंभर.
सरळ रस्त्यावर भागतं.
पण ड्रॅगन जबडा उघडतो,
आग, धूर, प्रत्येक ठिणगीची वेगळी सावली,
आणि पापणी लवायच्या आत
कार्ड दुप्पट मागतं.
खिंवसरांनी दोन दिवस गाणी लावली असतील.
ड्रॅगनपर्यंत कोण जातंय.

"ह्याचं खाणं कमी करता येतं का? सत्तर टक्के?"
ओजस बघतच राहिला.
येतं म्हणाला. पडद्यावर एक पट्टी असते, सरकवायची.

पावणेदोनला ड्रॅगन उठला.
गवत जरा विरळ, धूर थोडा जाडाभरडा.
ओजसचा गुडघा हलत होता.
जबडा उघडला.
मी पडद्याकडे बघतच नव्हते,
केबलवर बोट ठेवून बसले होते.
कोमट.
कोमट.
अजून कोमटच.

"मेला!" ओजस ओरडला, तर ह्यांनी आतून विचारलं, "कोण?"

चांगला सप्लाय साडेसात हजारांचा,
आणि दोन्ही प्लगांना स्वतंत्र केबल असलेलाच घ्यायचा.
बोनसला अजून सात आठवडे.
"तोवर सत्तरवर खेळ," म्हटलं.
"चालेल," म्हणाला, आणि थोड्या वेळानं,
"तू जेवलीस का?"

चप्पल अजून पायातच होती.
ताटाखालची पोळी तशीच गार खाल्ली,
घड्याळाला पावणेसातचा गजर लावला, उद्या ओव्हरटाईम,
आणि अंधारात पडल्यापडल्या बोट नाकाशी नेलं.
तापलेल्या वायरचा वास.
कंपनीतला कुठला, घरातला कुठला,
कळेना.