बाकं

तीस वर्षं, दर रविवारी, दुसऱ्या गीतानंतर
आम्ही देशासाठी प्रार्थना करायचो.
"प्रभो, या राष्ट्राला बदल."
बाहेरून सळयांचे ट्रक जायचे,
खडखडाटात आमचं आमेन बुडायचं
आणि मी दानपेटी मोजायला बसायचो.
वाटायचं, बदल येईल तो वरून येईल,
गडगडाट होईल,
निदान आधी एखादं पत्र तरी.

आला तो एप्रिलात, रात्री पावणेतीनला,
इलियासच्या टेम्पोतून.
मागं एकवीस नळकांडी दोरखंडानं आवळलेली
आणि त्यांना मिठी मारून बसलेला रामजनम,
बलियाचा, भट्टीवर माझ्या हाताखाली होता तो.
"काका, मालक बोलले, लोखंड नंतर कापू."

जालन्यात आयुष्य गेलं माझं त्या वायूनं लोखंड कापण्यात.
डोळ्यावर काळी काच, निळी ज्योत,
पोलाद कसं लोण्यागत दुभंगायचं.
तोच वायू आता सिस्टर प्रिस्किला खरातच्या वॉर्डात
पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत
माणसांच्या नाकात शिरणार होता.
प्लँटवाल्यांनी आतून धुऊन, तपासून भरला होता,
पण बाहेरून नळकांडी अजून कारखान्याचीच, काळीभोर.
दवाखान्याच्या नळकांड्याची मान पांढरी असते.

क्रूसाला नाताळात दिलेला रंग उरला होता.
डबा उघडला तर वर साय धरलेली.
खराट्याच्या काडीनं ढवळला
आणि आम्ही तिघं एकेक मान रंगवत राहिलो.
मध्येच इलियासनं सहरी उरकली,
खजुराची बी खिशात टाकली, पुन्हा ब्रश घेतला.
बाप्तिस्मे पुष्कळ पाहिलेत मी.
असला पहिलाच.

वॉर्डात खाटा संपल्या. पास्टर निर्मळ म्हणाले, "बाकं न्या."
बाकं!
आमच्या बाकांना नावं होती, तेलरंगात.
पहिलं मिशनच्या जुन्या घराण्याचं,
दुसरं हेडमास्तरांचं,
दाराजवळची तीन बिननावाची,
वाडीवरून पायी येणाऱ्यांची.
आमचे आजे गावकुसाबाहेरून निघाले तेव्हा
पुष्कळ काही मागं टाकून आले,
उतरंड तेवढी गाठोड्यात राहून गेली.

तिसऱ्या रात्री पहिल्या बाकावर निजले
उत्तमराव बोराडे.
आमच्या दफनभूमीच्या वाटेला तार ठोकणारे.
नऊ वर्षं तारखा, नऊ वर्षं वकील.
त्यांची नळी मी धरून बसलो.
मनात क्षमा होती असं लिहिलं तर खोटं होईल.
मनात एवढंच होतं की आकडा नव्वदच्या वर जावा.
गेला.
उजाडताना उतरला, मग उतरतच राहिला.

त्या रात्री गुहेच्या तोंडाशी उभा तो संदेष्टा आठवला.
वाऱ्यात देव नव्हता,
धरणीकंपात नव्हता, आगीत नव्हता.
मग मंद, अगदी मंद असं काहीतरी.
बाटलीत बुडबुड चालली होती.
मी कान दिला.

तार अजून आहे.
फक्त एक पदर कुणीतरी वाकवून ठेवलाय,
पेटी तिरकी न करता नेता येईल इतका.
कुणी, ते मी विचारलं नाही.

बाकं ऑगस्टात परत आली.
फिनेलनं घासून घासून नावं गेलेली,
क्रम कुणाच्या ध्यानात नाही,
आणि एक कमीच. ते म्हणे लसीच्या केंद्रावर
लिंबाखाली आहे. राहू द्या म्हटलं.

प्रार्थना आम्ही अजून तीच म्हणतो.
"राष्ट्राला" या शब्दापाशी मी जरा थांबतो,
एक श्वास घ्यायचा असतो.

परवा हेडमास्तरीणबाई उशिरा आल्या.
चष्मा पुसून पुसून आपलं बाक शोधलं,
सापडेना.
मग दाराजवळ, वाडीच्या पोरीला म्हणाल्या,
"सरक की गं थोडी."