येतंय

वेंगुर्ले बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात
रात्रपाळी आग्नेलची असते,
म्हणून आमचं अरण्यही तिथेच.
थर्माकोलच्या पेटीचं झाकण हे टेबल,
काजूच्या पावत्यांच्या पाठीवर नकाशा,
आणि वीस बाजूंचा हिरवा फासा,
जो दोनदा बांगड्यांच्या टोपलीत पडला
आणि अजून वास सोडत नाही.

पहिल्या शनिवारी मी उभी राहून म्हणाले,
“हे मर्त्य मानवा, या सीमेवर थांब!”
बाबलो हसता हसता स्टुलावरून खाली आला.
आग्नेल हसला नाही.
“सिरीयलीतलो नारद झालो गो तुझो.
आणि तो नाय तेव्हा
नुसती कान ओढलेली तू.
आठशे वर्सां जगलेल्याक
इतकी घाई कसली?”

घाई होती, खरंच.
दिवसभर मी काजूगर निवडते,
अख्खा, पाकळी, तुकडा, अख्खा,
किलोवर पैसे.
माझ्या एल्फच्या बोटांतही तोच वेग शिरलेला,
बाण सोडायचा, पुढचा घ्यायचा.

देवचार करून बघितला.
हातात काठी, खांद्यावर घोंगडी, पायांत घुंगुर.
आग्नेल म्हणाला, “देवचार राखता.
ह्यो राखणा नाय. ह्यो फकत उरता.”

उरणं कसं खेळायचं?

झुलेखाने विचारलं, ती दवाखान्यात नर्स आहे,
रात्री दोन वाजता असेच प्रश्न विचारते,
“एल्फ रडतो का?”
“रडता,” आग्नेल म्हणाला,
“पण उशिरा.”

मग मी आठवडाभर संध्याकाळी
ओल्या वाळूत बसून राहिले.
इवले खेकडे वाळूच्या गोळ्या करतात,
बिळाभोवती नक्षी मांडतात,
भरती येते, सगळं सपाट.
दुसऱ्या ओहोटीला पुन्हा नक्षी.
तोच खेकडा की दुसरा,
हे मी सांगू शकले नाही,
आणि मला त्याची लाज वाटली.
त्या लाजेपाशी मी थोडा वेळ थांबले.
वाटलं, इथे कुठेतरी आहे तो.

पुढच्या शनिवारी पूल आला.
बाबलोच्या बुटक्याने फासा टाकला. एक.
दोरखंड तुटले, कुऱ्हाड आधी गेली, मग तो.
झुलेखाने तोंडावर हात ठेवला.
सगळे माझ्याकडे बघायला लागले,
आता ही धनुष्य उचलणार, शपथ घेणार.

मी बराच वेळ काही बोललेच नाही.
मग म्हणाले,
“ह्याचा आजाही डावा पाय आधी टाकायचा.”
आणि जरा थांबून,
“त्याचं नाव काय होतं?
परवापर्यंत आठवत होतं.”

कॉम्प्रेसर नेमका तेव्हा बंद पडला.
लादीवरून पाणी टिपकत राहिलं.
बाबलो, जो मेला होता,
हळूच म्हणाला, “बाप रे.”

सोमवारी तो जहाजावर चढणार होता,
नऊ महिन्यांचा करार.
वहीत आपल्या बुटक्याच्या नावावर रेघ मारली,
चपला घातल्या,
दारात वळून म्हणाला, “येतंय हां.”

जन्मभर ऐकत आलेय मी हे.
मासळी आणायला निघालेला म्हणतो, येतंय.
कुवेतला निघालेला म्हणतो, येतंय.
जातंय म्हटलं की घरातले ओरडतात.
कधी, हे कोणी विचारत नाही,
आणि एवढी वर्षं मी
एल्फची भाषा शोधत होते.

आता माझा एल्फ कमी बोलतो.
कुणाच्या घरी पाणी पितो,
उंबऱ्यावर म्हणतो, येतंय.
परत येतो तेव्हा तिथे
कधी त्याच घराण्यातली पोर असते,
कधी नुसता उंबरा.
दोन्ही वेळा तो पाणी मागतो.

काल आग्नेलने विचारलं,
“पुलाकडे बघतंस काय?”
मी म्हटलं, बघते,
आणि फासा टाकला.
चौदा.
“पुरे,” आग्नेल म्हणाला,
“तुका आता रडाक येता.”