अकरा अंश

पहिल्या वर्षी त्यांनी आम्हाला दगड चाटायला लावला.
किलोद्रान बाई म्हणाल्या, दाताखाली कचकचला तर गाळाचा,
लोण्यासारखा सरकला तर चिकणमातीचा.
अंतोफागास्ताच्या त्या पत्र्याच्या प्रयोगशाळेत आम्ही बत्तीस जण,
खिडकीबाहेर समुद्र,
जिभेवर कुठल्याशा आटलेल्या तळ्याचा तळ.
एलिसेओला उलटी झाली. त्यानं पुढे हिशेबाचा विषय घेतला.

मग रेघेची परीक्षा.
काळाकुळकुळीत, वजनदार, शंकाच नको असा दगड
पांढऱ्या फरशीवर ओढला
आणि रेघ निघाली लाल,
खपली काढल्यावर दिसते तशी.
काळ्या दगडावरची रेघ म्हणजे शेवटचा शब्द;
काळ्या दगडानं स्वतः ओढलेली रेघ
कुणी कधी विचारलीच नव्हती.

दुसऱ्या वर्षी कालामाच्या पुढे, मिठाच्या डोंगररांगेत, तंबू.
नऊ दिवस. जोडीला नायादेत,
नाकाला पांढरं मलम फासणारी,
झोपेत स्तरांची नावं पुटपुटणारी.
पहाटे बाटलीत बर्फ. दुपारी उन्हानं
मिठाचे कडे आतल्या आत तडतडायचे,
आणि आम्ही दोघी बोलायचं थांबवून ऐकायचो.
गळ्यात भिंग, खिशात आम्लाची कुपी, हातात होकायंत्र.
कमरेला पपांचा पट्टा.

बक्कल लोखंडी, तळहाताएवढं,
खाणीनं दिलेलं: पंधरा वर्षं, एकही अपघात नाही.
रात्रपाळीला ते ट्रक चालवतात, घराएवढ्या चाकांचा,
त्या खड्ड्यात गोल गोल खाली
आणि गोल गोल वर.
निघताना स्वतःच्या कमरेचा काढून दिला.
म्हणाले, तुझी विजार घसरते.

तीन दिवस मोजत होते.
नतिलंब, नती. नतिलंब, नती.
तिसऱ्या संध्याकाळी नकाशा रंगवायला घेतला
तर स्तर एकमेकांच्या अंगावर चढलेले,
एक वली डोंगर सोडून हवेतच वळलेली.
मी तिथे एक भ्रंश घातला.
जमेना, म्हणून आणखी एक.
आपली चूक झाकायची तर जमीन मोडावी लागते,
आणि पेन्सिलीला ते फार सोपं जातं.

किलोद्रान बाईंनी माझे भ्रंश पाहिले. रागावल्या नाहीत.
होकायंत्र माझ्या पोटाशी आणलं,
लांब नेलं, पुन्हा आणलं.
सुई लाजल्यासारखी वळली.
“उत्तर कुठे?”
मी डोंगराकडे बोट दाखवलं.
“सुईला विचार. ती म्हणते, तुझ्या कमरेला.”
नायादेत इतकी हसली की तिचा चहा वाळूत गेला.

टेकडीवर एकाच दगडाशी रेंज यायची.
पपांची सुट्टी होती. मागे पत्ते पिसल्याचा आवाज.
सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं,
“किती अंश?”
“कधी चार. कधी अकरा.”
“अकरा कधी?”
“फार जवळून बघायला वाकायचे तेव्हा.”
पत्ते थांबले.
“मग काय, वाकू नको म्हणतात?”
“नाही. पट्टा काढून वाक म्हणतात.”
“बरोबर आहे,” ते म्हणाले,
आणि कुणाला तरी सांगितलं, थांब रे, माझा डाव आहे.

वहीत खोडायचं नसतं, असा नियम आहे.
रबर घरी ठेवून यायचं.
चुकीवर एकच रेघ मारायची,
खालचं वाचता आलं पाहिजे.
चौथ्या सकाळी विजार सुतळीनं बांधली
आणि पहिल्या दिवसाच्या पहिल्या उंचवट्यापाशी
पुन्हा गुडघे टेकले.
माझीच जुनी पावलं तिथे होती,
मिठाच्या सालीवर, कडा अजून तीक्ष्ण.

नकाशाला सातपैकी साडेपाच मिळाले.
पट्टा परत केला. पपांनी तो लगेच चढवला,
एक भोक आत घेऊन.